उत्साहात संपन्न

सोलापुरात बाईने टीव्हीवर पहिल्यांदा बातम्या कधी वाचल्या, हे विचारलंत तर जो तो वेगळी तारीख सांगेल. पण बाई कोण, यावर कुणाचं दुमत नाही. मायाक्का कोळेकर. शाळेतल्या पोरांपासून महापालिकेच्या शिपायांपर्यंत सगळ्यांची ‘अक्का’. ‘भुईकोट वार्ता’ या शहरातल्या केबल वाहिनीवर सातच्या बातम्या त्या सत्तावीस वर्षं वाचत होत्या, आणि या सत्तावीस वर्षांत पडद्यावर त्यांच्या तोंडून एकदाही ‘न्हाय’ निसटलं नव्हतं. पडद्याबाहेर मात्र त्या पक्क्या सांगोल्याच्या होत्या. कॅमेरा बंद झाला की ‘नमस्कार’ संपायचा आणि “आरं सिद्धू, त्यो पंखा लाव की, जीव चाललाय माझा” सुरू व्हायचं.

वाहिनी निघाली तीच मुळी टॉवेलच्या कारखान्यात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मानसिंगराव नलवड्यांचे चाळीस यंत्रमाग होते. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी केबलचा धंदा घेतला आणि त्यांना वाटलं, आपलं स्वतःचं चॅनेल का असू नये? मागांच्या शेडवर एक खोली होती. तिथे भिंतीवर निळी चादर ठोकली, समोर टेबल मांडलं, झाला स्टुडिओ. बातम्या वाचायला एक निवृत्त मास्तर आणले. खाली चाळीस मागांची खटखट आणि वर मास्तर. आठ दिवसांत मास्तरांचा घसा बसला, आणि लोकांना वाटलं टीव्ही बिघडला.

मायाक्का तेव्हा पंचविशीत होत्या आणि खाली शेडमध्ये टॉवेलांच्या कडा शिवायच्या. नवरा जोतिराम तिथेच माग दुरुस्त करायचा. शिवताशिवता मायाक्का बाकीच्या बायकांना पेपर वाचून दाखवत, तेही चाळीस मागांच्या वर आवाज काढून. एक दिवस मानसिंगराव जिना चढत होते. अर्ध्या जिन्यात त्यांना एका एसटी अपघाताची बातमी, जखमींच्या गावांसकट, स्वच्छ ऐकू आली. ते तसेच खाली उतरले.

“शिकलीस किती?”

“बारावी.”

“कॅमेऱ्यापुढं भ्यायची न्हाईस?”

“मालक, माळाच्या पल्याडची मेंढरं मी हितनं एका हाकेत वळवत व्हते. कॅमेरा काय, हितंच तर हाय.”

घसा बसू नये म्हणून मानसिंगरावांनी आणखी एक तोड काढली. चार वाजता कारखान्यात पाळी बदलायची. सकाळचे कामगार सायकली काढायचे, दुपारचे आत यायचे, आणि त्या गडबडीत वीस मिनिटं सगळे माग बंद असायचे. सातच्या बातम्या त्या वीस मिनिटांत रेकॉर्ड करायच्या असं ठरलं. तेव्हापासून सोलापूर सातला जे ऐकत आलं, ते अक्कांनी चारला वाचलेलं असायचं.

पहिल्या आठवड्यात वाहिनीचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. एका गृहस्थांनी तर विचारलं, “अहो, बायकांचं बोलणं ऐकायला टीव्ही कशाला? ते घरात फुकट मिळतंय की.” मानसिंगराव म्हणाले, “घरात तुम्ही ऐकत नाही, म्हणून तर टीव्हीवर लावलंय.” मानसिंगरावांच्या पत्नी बजाबाई करमाळ्याकडच्या, कमी बोलणाऱ्या आणि बोललं ते करून घेणाऱ्या. मायाक्काकडे धड दोनच साड्या आहेत हे त्यांच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. महिनाभर त्यांनी स्वतःच्या साड्या पाठवल्या, आणि नवऱ्याला बजावलं, “ह्या बाईला काडायचं न्हाय.”

पुढे अक्का टेबलामागून उठल्या आणि माइक घेऊन गावभर हिंडायला लागल्या. कार्यक्रमांत ‘पत्रकार बंधूंनो’ म्हणायची सवय असलेले वक्ते त्यांना बघून अडखळायचे आणि ‘भगिनी’ जोडायचे. भगिनी एकच असायची. शेवटी पत्रकारांना टॉवेल-टोपी द्यायची रीत. अक्कांना काय द्यायचं यावर आयोजकांची कुजबुज चालायची. एका संस्थेने गोंधळात त्यांनाही टोपी घातली. अक्कांनी ती काढली नाही. तशीच घालून त्यांनी अध्यक्षांना संस्थेच्या बंद पडलेल्या वसतिगृहाबद्दल विचारलं, आणि अध्यक्ष टोपीकडे बघत राहिले.

दुष्काळात त्या एका चारा छावणीवर गेल्या होत्या. छावणीचा चालक छाती काढून म्हणाला, पाचशे जनावरं आहेत. अक्कांनी दावणींवरून एक नजर फिरवली आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या, “तीनशे बारा.” मग सरकारी माणसं आली, त्यांनी अर्धा दिवस मोजलं. तीनशे बाराच भरली. मेंढरांच्या घरातली पोर ती, तिला मोजायला बोट लागत नाही.

एवढं सगळं खरं. पण अक्कांच्या मनात एक कुसळ पहिल्यापासून होतं, आणि ते म्हणजे ‘उत्साहात संपन्न’.

सोलापुरातले कार्यक्रम होतात संध्याकाळी सहाला. बातम्या रेकॉर्ड व्हायच्या चारला. आणि आपल्या कार्यक्रमाची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होऊन यावी असं कुणालाच वाटत नाही. मग आयोजक सकाळीच बातमी लिहून पाठवायचे. अमुक यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तमुक यांनी मौलिक विचार मांडले, उपस्थितांची मने जिंकली, कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. वक्ता आजारी पडो, मांडव उडून जावो, अध्यक्ष आणि त्यांची बायको एवढीच माणसं येवोत, सातला सोलापुरात सगळं उत्साहातच संपन्न व्हायचं. सोबत दाखवायला वाहिनीकडे टाळ्यांचा एक जुना शॉट होता. पंधरा वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला त्याच टाळ्या. त्यातल्या तिसऱ्या रांगेतले चौकड्याच्या शर्टाचे गृहस्थ वारूनही अकरा वर्षं झाली होती. त्यांची बायको अधूनमधून फोन करायची, “परवा ह्यांना दाखवलं न्हाई तुमी.” मग कॅमेरामन सिद्धू दुसऱ्या दिवशी एखाद्या वधू-वर मेळाव्यात तो शॉट मुद्दाम लांबवायचा.

“मालक, ह्ये अजून झालंच न्हाय की,” असं अक्का सुरुवातीला मानसिंगरावांना म्हणायच्या. मालक म्हणायचे, “वाच तू. सातपातूर होतंय.” मालक गेले आणि त्यांचा मुलगा दिग्विजय खुर्चीवर आला. त्याच्या दारावर पाटी होती, ‘संचालक व संपादक’. अक्का वाहिनीत आल्या तेव्हा हा चौथीत होता आणि रेकॉर्डिंग चालू असताना टेबलाखाली बसून गृहपाठ करायचा. आता त्याला अक्का चारचौघांत ‘सर’ म्हणत आणि एकट्यात ‘दिगूबाळ’. संपादक म्हणून त्याने आजवर एकही बातमी लिहिली नव्हती, तपासली नव्हती आणि सातला टीव्हीही लावला नव्हता.

तर त्या आठ मार्चला दिग्विजयने अक्कांचा सत्कार ठेवला. ‘कृतज्ञता सोहळा’. जुळे सोलापुरातलं मंगल कार्यालय, संध्याकाळी सहा वाजता, प्रमुख पाहुण्या म्हणून टीव्ही मालिकेतल्या एक गाजलेल्या सूनबाई. “पैठणी नेसा, अक्का,” तो म्हणाला होता. अक्का खूश होत्या, आणि खूश झालेलं लपवण्यातल्या त्या नव्हत्या. जोतिरामला त्यांनी दोन दिवसांत चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी जोतिराम म्हणाला, “व्हय, ऐकलं की.”

तीन चाळीसला सिद्धूने नेहमीसारखे छापलेले कागद आणून ठेवले. सिद्धू अक्कलकोटकडचा, घरात कानडी, कामावर मराठी, आणि अक्कांचा शब्द त्याला दोन्ही भाषांत शेवटचा. अक्का पैठणी सावरून बसल्या आणि लाल पेन्सिलीने श्वास घ्यायच्या जागा करायला लागल्या. पहिली बातमी पाण्याची, दुसरी रस्त्याची, तिसरी-चौथी संपन्न झालेल्या कार्यक्रमांची. पाचव्या बातमीवर पेन्सिल थांबली.

‘जागतिक महिला दिनानिमित्त आयोजित कृतज्ञता सोहळ्यात सोलापूरच्या पहिल्या महिला वृत्तनिवेदिका मायाक्का कोळेकर यांनी आपली निवृत्ती जाहीर केली. आता नव्या पिढीने पुढे यावे, असे सांगताना त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांच्या जागी उद्यापासून उत्कर्षा सरडे बातम्या वाचतील, अशी घोषणा संचालक व संपादक दिग्विजय नलवडे यांनी केली. कोळेकर यांना मानद सल्लागारपद देण्यात आले. कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.’

अक्कांनी ते दोनदा वाचलं.

“सिद्धू, माझं डोळं पाणावलं व्हतं का रं?”

“कधी, अक्का?”

“आज संध्याकाळी.”

सिद्धूने कागद घेतला, वाचला आणि खाली बसला. घडलं होतं ते अगदी साधं होतं. दिग्विजयला अक्कांना स्टेजवर गाठायचं होतं. हजार माणसांपुढे निवृत्ती जाहीर झाली की बाई काय बोलणार? पण कार्यक्रम आपला, आठ मार्चचा, त्याची बातमी सातला यायला नको का? त्याने सवयीने बातमी लिहून सकाळीच बातम्यांच्या ग्रुपवर टाकली आणि हार-तुरे बघायला हॉलवर निघून गेला. ती चारला कोण वाचणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. भिंतीवरचं घड्याळ वेळ दाखवतं, अक्का बातम्या वाचतात, यात विचार करायचं काय?

“मी न बघताच प्रिंट मारली अक्का, आईशप्पत,” सिद्धू म्हणाला. “आणि सरांनी हॉलात मोठा पडदा लावलाय. सातला तुमच्या बातम्या सगळ्यांना दाखवणार आहेत. शेवटच्या म्हणून.”

अक्कांना आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग फार वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं. ही खुर्ची त्यांना प्यारी होती. घशात आवाज आहे तोवर त्या बसल्या असत्या आणि कुणी ‘पुरे’ म्हटलं असतं तर भांडल्या असत्या. बावन्न हे काय वय झालं? आणि ज्याला टेबलाखाली सतराचा पाढा सांगितला, त्या पोराने तोंडावर विचारूही नये?

तेवढ्यात दार ढकलून उत्कर्षा आत आली. करमाळ्याची, शेतकऱ्याघरची पोर, पुण्यात कोर्स करून दोन महिन्यांपूर्वी रिपोर्टर म्हणून लागलेली. डोळे लाल.

“मॅडम, मला आत्ता ग्रुपवर कळलं. मला सरांनी फक्त निळी साडी नेसून ये म्हटलं होतं. खरंच मला काही माहीत नव्हतं.”

“बस हितं. खरं सांग. तुला ही खुर्ची पायजे का न्हाय?”

उत्कर्षाने नाक पुसलं. “पाहिजे. पण अशी नको.”

हे उत्तर अक्कांना आवडलं आणि झोंबलंही. पोरगी नको म्हणाली असती तर गोष्ट सोपी होती. पोरगी वाचायची चांगली, हे अक्कांनी दाराआडून ऐकलं होतं आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पावणेचार होऊन गेले होते. अक्का कागदाकडे बघत राहिल्या. खुर्ची वाचवायची तर ही बातमी गाळायची, एवढंच. पण गाळून काय होणार? दिग्विजय आज नाही तर उद्या काढील. आणि एक गोष्ट त्या कागदाने पहिल्यांदा त्यांच्यापुढे उघडी करून ठेवली. सत्तावीस वर्षं गळा त्यांचा होता, लिहिणारे दुसरे. ज्या कुणाला जे झालं असं दाखवायचं होतं, ते त्यांनी झालं म्हणून वाचलं होतं. आज फक्त त्यांची पाळी आली होती. त्यांनी पेन्सिल उचलली, अर्धी बातमी खोडली आणि समासात लिहायला लागल्या.

“अक्का, सर बघतील,” सिद्धू पुटपुटला.

“सर बातम्या बगत्यात व्हय कदी? तू कागदावर हाय ते रेकॉर्ड केलंस. इचारलं तर माझं नाव सांग. लई झालं तर मला हाकलतील, खाली टॉवेल शिवायला मशीन हायच की.”

हे त्या हसत म्हणाल्या, पण हाकलणं काही हसण्यावारी नव्हतं. दिग्विजयने स्टेजवरून ‘बातमी खोटी आहे’ एवढं म्हटलं असतं, तर खुर्ची, सत्कार आणि सत्तावीस वर्षांची अब्रू तिन्ही एका संध्याकाळी जाणार होती. चार वाजले. खालचे माग एकेक करत गप्प झाले. अक्कांनी पदर नीट केला. “नमस्कार. भुईकोट वार्तामध्ये आपलं स्वागत.” एका दमात, एकही चूक न करता, त्यांनी वाचून टाकलं.

“आयतु, अक्का,” सिद्धू कानडीत म्हणाला, म्हणजे झालं. आणि पाचव्या बातमीला त्याने आपण होऊन फायलीतल्या टाळ्या लावल्या.

मंगल कार्यालय सहालाच भरलं. पहिल्या रांगेत बजाबाई, सत्तरीच्या घरातल्या, काठी मांडीवर आडवी. मागे संस्थांचे अध्यक्ष, कॉलेजांचे प्राचार्य, मंडळांचे कार्यकर्ते, म्हणजे ज्यांचं ज्यांचं काही ना काही या वाहिनीवर उत्साहात संपन्न झालं होतं असे सगळे. शेडमधल्या बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या. नव्हत्या त्या फक्त सूनबाई. त्यांची गाडी पुण्याहून निघाली होती आणि टेंभुर्णीत चहाला थांबली होती. साडेसहाला त्या ‘पोचतच’ होत्या. पावणेसातला त्या ‘अगदी जवळ’ होत्या. निवेदक चौथ्यांदा महिलांचं महत्त्व सांगत होता. दिग्विजय दारापासून स्टेजपर्यंत येरझाऱ्या घालत होता. हार टोपलीतच होते.

आणि सात वाजले. पडदेवाल्याला सांगून ठेवलं होतं, सातला बातम्या लावायच्या. कार्यक्रम अजून सुरूच झाला नाही, तर थांब, असं काही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने बटण दाबलं.

पडद्यावर अक्का आल्या, चारपट मोठ्या. पाणी झालं, रस्ता झाला, दोन कार्यक्रम संपन्न झाले. दिग्विजय दारात फोनवर सूनबाईंच्या ड्रायव्हरशी बोलत होता.

“जागतिक महिला दिनानिमित्त जुळे सोलापूर येथे आयोजित कृतज्ञता सोहळा उत्साहात संपन्न झाला,” पडद्यावरच्या अक्का म्हणाल्या, आणि पडद्यावर टाळ्या कडाडल्या. हॉलमधल्या हजार माणसांनी रिकाम्या स्टेजकडे बघितलं. मग टोपलीतल्या हारांकडे बघितलं. आधी शेडमधल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा हॉल फुटला.

“प्रमुख पाहुण्यांचे आगमन नेहमीप्रमाणे उशिराने झाले,” पडदा म्हणाला. एका प्राचार्यांना ठसका लागला.

“याच सोहळ्यात वाहिनीचे संचालक दिग्विजय नलवडे यांनी महत्त्वाची घोषणा केली. उद्यापासून सायंकाळच्या बातम्या उत्कर्षा सरडे वाचतील, तर भुईकोट वार्ताच्या संपादकपदाची सूत्रे मायाक्का कोळेकर यांच्याकडे देण्यात आली आहेत. कोणती बातमी द्यायची आणि कोणती नाही, याचा निर्णय त्यांचा राहील. तसेच यापुढे कोणत्याही कार्यक्रमाची बातमी तो कार्यक्रम झाल्याशिवाय देण्यात येणार नाही, असेही श्री. नलवडे यांनी टाळ्यांच्या कडकडाटात जाहीर केले.”

पडद्यावर पुन्हा टाळ्या. तिसऱ्या रांगेत चौकड्याचा शर्ट.

दिग्विजयच्या हातातला फोन तसाच राहिला. तो जवळजवळ धावतच स्टेजवर गेला आणि त्याने निवेदकाकडून माइक ओढून घेतला. “मित्रांनो, एक छोटीशी तांत्रिक...”

“दिग्या.” बजाबाईंना माइक लागत नव्हता. “आपल्या टीव्हीवर आलंया. खोटं हाय का?”

दिग्विजयने समोर बघितलं. खोटं आहे म्हणावं तर आपली वाहिनी न झालेलं झालं म्हणून सांगते, हे मालकाने हजार माणसांपुढे कबूल करायचं. आणि समोर बसलेले सगळे तेच करवून घेणारे. खरं आहे म्हणावं तर दारावरची पाटी गेली. त्याने अक्कांकडे बघितलं. अक्का पैठणीत ताठ बसल्या होत्या, चेहरा अगदी बातम्या वाचतानाचा. आतून मात्र त्यांना भीती वाटत होती. पोरगा हट्टी होता, लहानपणापासून.

दिग्विजयने माइक पुन्हा तोंडाशी धरला.

“खोटं कसं असेल, आई?” दिग्विजय शेवटी म्हणाला. “आता घोषणाच करणार होतो.” आणि त्याने केली. बातमीत होती तशीच केली.

“त्ये झाल्याबिगार बातमी द्यायची न्हाय, त्येवडं ऱ्हायलं,” बजाबाईंनी आठवण दिली.

त्याने तेही म्हटलं. मग ज्या टाळ्या पडल्या, त्या कुठल्याही फायलीतल्या नव्हत्या. त्यातच सूनबाई दारातून आत आल्या, आणि आपल्या मालिकेवर सोलापूरचा एवढा जीव आहे हे बघून त्यांना भरून आलं.

शाल घालताना दिग्विजय दातांआडून म्हणाला, “अक्का, हे बरं नाही केलं तुम्ही.”

“न्हाईच केलं. तू तरी कुटं बरं करणार व्हतास, दिगूबाळा? आदी तोंडावर इचारायचं व्हतं.”

“विचारलं असतं तर सोडली असती खुर्ची?”

“न्हाय. भांडले असते. पर घरच्यावानी भांडले असते.”

फोटोवाला ‘हसा, हसा’ म्हणत होता. दोघं हसले.

दुसऱ्या दिवशी अक्का दहालाच आल्या. ग्रुपवर अकरा कार्यक्रम संपन्न होऊन पडले होते. अक्कांनी अकराही जणांना फोन करून एकच वाक्य सांगितलं, “झाल्यावर कळवा.” दोघांनी जाहिरात बंद करायची धमकी दिली. एकाने प्रामाणिकपणे विचारलं, “पण झाल्यावर काय लिहायचं?” बातम्या आता सातला थेट जायच्या होत्या, म्हणजे खाली माग चालू असतानाच. जोतिरामने न सांगता खिडक्यांना दुहेरी चादरी ठोकल्या. तरी थोडी खटखट वर येत होतीच. “त्याच्यावरनं बोलायचं,” अक्कांनी उत्कर्षाला शिकवलं. “वरडायचं न्हाय. वरनं बोलायचं.”

सातला दहा कमी असताना अक्कांनी तिच्या हातात शेवटची बातमी ठेवली. हाताने लिहिलेली. आयुष्यात त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलेली ही पहिली बातमी, आणि तिला त्यांना अख्खी दुपार लागली होती. उत्कर्षाने वाचली आणि वर बघितलं. “मॅडम, हे खरंच वाचायचं?” तिच्या मागून डोकावलेला दिग्विजय तर हादरलाच.

“अक्का, अहो, ती खरी झाली ना! मी स्वतः बोललो!”

“मी वाचली तवा न्हवती झाली.”

“पण हे सांगितलं तर लोक म्हणतील, आजवरचं सगळंच...”

“म्हणू द्यात. म्हणायलाच पायजे. निर्णय माझा हाय, तुमीच जाहीर केलंय, सर.”

अक्का कॅमेऱ्यामागे सिद्धूशेजारी उभ्या राहिल्या. त्या जागेवरून त्यांनी स्टुडिओ कधी बघितला नव्हता. जेमतेम सहा मिनिटांच्या बातम्या होत्या, बाकी काही झालंच नव्हतं. आणि शेवटी उत्कर्षाने वाचलं:

“काल याच वेळी आम्ही आमच्याच सोहळ्याची बातमी दिली. ती दिली तेव्हा सोहळा सुरूही झालेला नव्हता आणि त्यातली घोषणा कुणीही केलेली नव्हती. ती बातमी मायाक्का कोळेकर यांनी लिहिली आणि वाचली होती. न झालेल्या कार्यक्रमांच्या अशा बातम्या आम्ही गेली सत्तावीस वर्षं देत आलो. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. संपादक, मायाक्का कोळेकर.”

पोरीने घाई केली नाही. एकेक शब्द मागांच्या वरून स्वच्छ गेला. अक्कांच्या लक्षात आलं की आपले ओठ तिच्याबरोबर हलतायत, आणि त्यांनी ते मिटून घेतले.

कॅमेऱ्याचा दिवा विझतो न विझतो तोच फोन वाजला. बजाबाई.

“मायाक्का, माफी ऐकली तुजी. मला काय नवं न्हवतं त्यात. सहापासनं त्या हॉलात मीच बसले व्हते की. दिग्या काय बोलला न्हाय त्ये मला कळत न्हाय व्हय?”

“मग काल तसं का वो इचारलं त्यास्नी, बाई?”

“त्येनं खरं करावं म्हणून.” “आनि ऐक. पोरगी ग्वाड वाचती. तुज्यापरास ग्वाड.”

अक्कांना ते लागलं. सत्तावीस वर्षं ज्या बाईने एक दिवस न चुकवता आपल्याला ऐकलं, तिच्या तोंडून हे यावं. त्यांना वाटलं, म्हणावं, दोन महिन्यांची पोर ती, अजून काय बघितलंय तिनं? पण ऐकलं तर त्यांनीही होतं.

“व्हय, बाई,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उत्कर्षा दारात उभी होती, माइक अजून साडीलाच, चेहऱ्यावर परीक्षा देऊन आलेल्या पोरीची काळजी. “मॅडम, कसं झालं?”

आता अक्कांचे डोळे खरोखर पाणावले. सिद्धू दुसरीकडे बघायला लागला.

“बजाबाई म्हनत्यात, माज्यापरास ग्वाड वाचलंस,” अक्का म्हणाल्या. “बातमी खरी हाय. मी तपासलीया.”